उरलेला चहा आणि अब्बांच्या कुंड्या

आमच्या घरात उरलेला चहा मोरीत ओतायची पद्धत नाही. भाकरीचा तुकडा चिमण्यांना, तांदळाचं धुवण गुलाबाला आणि उरलेला चहा झाडाला. काहीही 'इसराफ' होता कामा नये. इसराफ म्हणजे उधळपट्टी. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, ही शिकवण आम्ही मौलवीसाहेबांकडून ऐकली ती नंतर, त्याआधी ती अम्मीच्या स्वयंपाकघरातच ऐकली होती. लहानपणी मी कप घेऊन मोरीकडे वळले की आतून आवाज यायचा, "नको फेकू, झाडां को डाल."

तेव्हा ते झाड म्हणजे मिरजेच्या जुन्या घराच्या परसातलं डाळिंब होतं. त्याच्या बुडाशी दूधसाखरेचा चहा, त्यातला चोथा, आल्याचे तुकडे, सगळं जायचं. डाळिंबाचं काहीही बिघडलं नाही. मोकळ्या जमिनीत गांडुळं असतात, मुंग्या असतात, खाली हातभर माती असते. कपभर चहा त्या मातीच्या खिजगणतीतही नसतो.

पुढे अब्बा निवृत्त झाले, जुनं घर गेलं आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. परस गेलं, पण उरलेल्या चहाचा नियम आमच्याबरोबर जिना चढून वर आला. तो कुंडीत चालतो का, हे कोणी तपासलं नाही.

फ्लॅटची गॅलरी पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तिथं उभं राहवत नाही. अब्बांनी आधी मोगरा लावला, मग जास्वंद, मग कोणीतरी दिलेलं फर्न. सगळी गेली. टिकली ती जाड पानांची मंडळी: एक कोरफड, एक जेड, एक स्नेक प्लांट आणि पानफुटी. अब्बा म्हणायचे, "ही कमी मागणारी झाडं आहेत. आठ दिवस गावाला गेलं तरी रुसत नाहीत."

अब्बांना मधुमेह होता. डॉक्टरांनी साखर बंद केली तसं त्यांनी दूधही सोडलं आणि कोऱ्या चहावर आले. अम्मी सकाळी आणि चार वाजता पातेल्यात दोन कप पाणी ठेवायची, त्यात भुकटी टाकायची, उकळी आली की अब्बांचा काचेचा ग्लास गाळून बाजूला काढायची आणि मग उरलेल्यात आलं, साखर, दूध घालून स्वतःचा चहा करायची. अब्बा ग्लास घेऊन गॅलरीत पेपर वाचत बसायचे. तळाला दोन घोट हमखास गार व्हायचे. मग ते ग्लासात नळाचं पाणी घ्यायचे, विसळायचे आणि ते फिकट पाणी एखाद्या कुंडीत ओतायचे. आज कोरफडीची पाळी, मग बऱ्याच दिवसांनी जेडची. कुणाची पाळी कधी, हे त्यांच्याच डोक्यात असायचं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी अब्बा गेले.

अम्मी इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, गरजेशिवाय बाहेर पडायचं नाही. इद्दतीवर आपल्यात वाद पुष्कळ आहेत, ते मला इथे घालायचे नाहीत. अम्मीला कोणी बसवलं नव्हतं, ती स्वतःहून बसली. त्या दिवसांत तिला आकाश दिसायचं ते गॅलरीतूनच. मी नोकरीसाठी पुण्यात. दर दुसऱ्या शनिवारी मिरजेला जायचे आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत.

घरी येणारं-जाणारं खूप. जो येईल तो दारातच म्हणायचा, "सब्र करो." आणि जो येईल तो डबा घेऊन यायचा. खाला बिर्याणी पाठवायची, शेजारच्या काकू वरण-भात आणि लिंबाचं लोणचं आणून ठेवायच्या, कोणी खीर, कोणी खिचडा. अम्मीला भूक नसायची. "दोन घास तरी खा," असं म्हणत बायका ती संपवेपर्यंत समोर बसून राहायच्या. ती खायची. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून.

एका शनिवारी मी पाहिलं, अम्मीनं पातेल्यात दोनच कप पाणी ठेवलं. चाळीस वर्षांचा हात, तो एक कप मोजायला तयार नव्हता. आता अब्बांचा ग्लास काढायचा नव्हता, त्यामुळे आलं-साखर-दूध सगळ्यातच पडलं. एक कप ती प्यायली. दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली. जोहरची नमाज झाली, तिनं बशी काढली आणि तो चहा गॅलरीत नेऊन कोरफडीच्या कुंडीत ओतला. चारच्या चहाचंही तेच, मगरिबच्या आधी जेडच्या कुंडीत.

खरं सांगते, मला ते फार सुंदर वाटलं. अब्बांच्या वाटणीचा चहा अब्बांच्या झाडांना. यावर लिहावं असंही मनात आलं होतं. ओळीसुद्धा जुळवल्या होत्या डोक्यात. आणि आपणही काहीतरी करावं म्हणून दर वेळी मिरजेला गेले की मी त्या कुंड्यांना तांब्याभर पाणी घालत होते, खालच्या ताटल्या भरून वाहेपर्यंत.

एप्रिलमध्ये गॅलरीत मुंग्यांची रांग दिसली. मग बारीक चिलटं. मातीवर पांढरट साय धरल्यासारखा थर आणि आंबूस वास. मेमध्ये जेडची पानं टपाटप गळू लागली. मला वाटलं, ऊन. आणखी पाणी घातलं. जेडच्या फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले. त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, आणि मुंग्यांना गॅलरीत यायचं आमंत्रण आमच्याच साखरेनं दिलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात इद्दत संपली. ठरलं होतं की मी चार दिवस रजा काढून येईन आणि अम्मीला सांगलीला खालाकडे घेऊन जाईन. चार महिन्यांनी पहिल्यांदा ती उंबरा ओलांडणार होती. सकाळी ती तयार होऊन बसली. मी पाणी घालायला गॅलरीत गेले. कोरफड एका बाजूला कलली होती, म्हणून सरळ करायला हात लावला तर अख्खी हातात आली. बूड तपकिरी, मऊ, वास मारणारं. मुळं नव्हतीच.

मी ती तशीच आत घेऊन गेले आणि म्हणाले, "अम्मी, बघ. तुझ्या चहानं अब्बांची झाडं मेली."

ती काही बोलली नाही. बुरखा काढून खुंटीला अडकवला आणि पलंगावर जाऊन बसली. त्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो नाही. खालाला फोन करून मी पावसाचं कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीच जुनी वर्तमानपत्रं आणि भाजीची सुरी घेऊन गॅलरीत आली. आम्ही दोघींनी मिळून कुंड्या उपड्या केल्या. माती चिखलासारखी, चिकट. जेडची मुळं काळी पडली होती. स्नेक प्लांट थोडा तग धरून होता. कोरफडीच्या बुडाशी मात्र करंगळीएवढी दोन पिल्लं होती, धडधाकट. ती सोडवता सोडवता अम्मीनं मान खाली ठेवूनच विचारलं, "फिर तेरे अब्बा डालते थे सो?"

प्रश्न बरोबर होता. अब्बाही चहाच घालत होते. वर्षानुवर्षं. मग त्यांच्या हातून झाडं का नाही मेली?

उत्तर आमच्याच पातेल्यात होतं, पण ते सापडायला मला दोन दिवस वाचावं लागलं. अब्बांचा चहा कोरा होता. त्यात दूध नाही, साखर नाही, आलं नाही. वर तो ग्लासभर पाण्यात विसळलेला, दोन घोटांचा. आणि एका कुंडीची पाळी महिन्यातून एकदा-दोनदा यायची. अम्मीचा चहा दूधसाखरेचा, भरलेला कप, रोज दोनदा. दुधातली चरबी आणि प्रथिनं कुंडीत नासतात, साखरेवर बुरशी वाढते, त्या ओलाव्यात चिलटं अंडी घालतात. डाळिंबाच्या बुडाशी हे सगळं जिरून गेलं असतं. आठ इंचांच्या कुंडीत ते जाणार कुठं?

आणि कोरा चहा तरी झाडाला असं काय देतो? खरं तर फार काही नाही. चहाच्या कोरड्या पानात नायट्रोजन साधारण ४ टक्क्यांच्या आसपास असतो, पण त्यातला बराचसा चोथ्यातच राहतो आणि चोथा कुजल्याशिवाय मोकळा होत नाही. पोटॅशियम मात्र पाण्यात बऱ्यापैकी उतरतं. कोरा चहा किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू ५ च्या आसपास. आमच्या इमारतीच्या बोअरचं पाणी जड आहे, कुंड्यांच्या काठावर चुन्याचा पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी अधूनमधून थोडा आम्लपणा चालून जातो. पण चहात कॅफिनही असतं. चहाचं झुडूप ते स्वतःच्या बचावासाठी बनवतं. किड्यांना ते नकोसं होतं आणि जास्त झालं तर दुसऱ्या रोपांची मुळंही त्यानं खुंटतात. म्हणजे अब्बांचा चहा औषध नव्हता. तो इतका फिकट आणि इतका क्वचित होता, की अपाय झाला नाही, एवढंच. झाडं जगली ती त्यांना उरलेल्या दिवसांत कोणी छेडलं नाही म्हणून.

हे वाचताना मला या झाडांची एक गोष्ट कळली आणि ती मी अम्मीला सांगितली. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडतात आणि हवा आत घेतात. त्यात त्यांचं पाणीही उडून जातं. जेड, पानफुटी, कोरफड, स्नेक प्लांट ही मंडळी उलटं करतात. दिवसभर तोंड बंद. सूर्य मावळून गारवा आला की छिद्रं उघडतात, रात्रभर हवा घेऊन ती आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि पहाटे पुन्हा तोंड मिटतात. दिवसा त्या साठ्यावर उन्हात स्वयंपाक करतात.

अम्मी म्हणाली, "म्हणजे रोजेदार आहेत."

बारा महिन्यांचे रोजेदार. आणि आम्ही त्यांना दिवसातून दोनदा चहा पाजत होतो.

या शोधाची सुरुवात आपल्याच देशात झाली आहे. १८१५ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडच्या नोकरीतल्या बेंजामिन हाइन नावाच्या माणसानं लंडनच्या लिनिअन सोसायटीला कळवलं, की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारी बेचव. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, हे त्यामागचं कारण पुढे उलगडलं. आम्ही डिसेंबरात हे करून पाहिलं. पानफुटीची कुंडीही गेली होती, पण तिचं गळलेलं एक पान वॉशिंग मशीनच्या मागं पडलं होतं आणि त्याच्या कडेला, मातीवाचून, पाच रोपं फुटली होती. ती मोठी झाल्यावर एका पहाटे फजरच्या नमाजीनंतर अम्मीनं कणभर तुकडा जिभेवर ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकला. "खट्टा है." असरला पुन्हा. या वेळी आंबटपणा नव्हता. (हे पान खायचं नाही, फक्त जिभेला लावायचं. गुरं-शेळ्यांना ते बाधतं.)

कोरफडीचं मूळ अरबस्तानातलं मानतात. अरबीत तिच्या नावाची आणि 'सब्र' या शब्दाची अक्षरं एकच आहेत: स्वाद, बे, रे. वाळवलेला कोरफडीचा रस, ज्याला आपल्याकडे काळाबोळ म्हणतात, त्यालाही युनानीत 'सिब्र' म्हणतात. भयंकर कडू असतो. चार महिने प्रत्येकानं अम्मीला ज्याचा उपदेश केला, ते गॅलरीत कुंडीत उभं होतं. मी हे हौसेनं तिला सांगितलं. ती म्हणाली, "लोकांना सांगायला काय जातं." तेवढ्यावर तो विषय संपला.

पण पुन्हा जुलैकडे येते. कुंड्या रिकाम्या करून आम्ही नवी माती केली. निम्मी लाल माती, बाकी जाड वाळू आणि विटेचा चुरा, मूठभर जुनं शेणखत. कुंड्यांची बुजलेली भोकं मोकळी केली. खालच्या ताटल्या काढून टाकल्या. जेडच्या तीन निरोगी फांद्या कापून सावलीत आठवडाभर सुकू दिल्या, कापलेल्या जागी खपली धरल्यावरच मातीत खोचल्या. हे सगळं अम्मीनं केलं. मी पुण्याला परतले होते, फोनवरून सूचना देत होते.

तिची एकच अडचण होती. उरलेल्या चहाचं करायचं काय? मोरीत ओतायला हात होत नव्हता. झाडांना घालायचा नाही. मग इसराफ नाही का होणार? मी म्हटलं, अम्मी, इसराफ म्हणजे नुसतं फेकणं नाही, हद्दीबाहेर जाणं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "भूक नै सो उसको खिलाना बी इसराफीच है."

त्या वाक्यात कोरफड होती की डब्यांवर डबे आणणाऱ्या बायका होत्या, मी विचारलं नाही. मी माफी मागितली, त्या सकाळच्या वाक्याची. ती म्हणाली, "झाडांचं सोड. तू पण कमी पाणी घातलं नाहीस." तिनं सगळं पाहिलं होतं, फक्त बोलली नव्हती.

आता आमच्या घरी काय करतात ते सांगते, कारण हे वाचून कोणीतरी आज संध्याकाळी कप घेऊन कुंडीकडे जाईल. दूधसाखरेचा चहा कोणत्याही कुंडीत नाही, थेंबभरसुद्धा नाही. मसाल्याचा नाही, लिंबाचा नाही. कोरा चहा असेल तर पूर्ण गार करून, एक भाग चहाला तीन भाग पाणी. तोही त्याच दिवसाचा. तोही महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशीच्या पाण्याऐवजी, पाण्याच्या भरीला नाही. पावसाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत मुळीच नाही. घालण्याआधी झाडूची काडी मातीत बोटभर खोचायची. काडीला माती चिकटली तर त्या दिवशी काहीच घालायचं नाही. चोथा जाड पानांच्या कुंडीत नको, तो पाणी धरून ठेवतो. दूधसाखर धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून तो खताच्या डब्यात टाकावा, नाहीतर खाली सोसायटीच्या गुलाबांना द्यावा. आणि हे काहीच केलं नाही तरी या झाडांचं अडत नाही. त्यांना ऊन हवं, वारा हवा आणि भोक असलेली कुंडी हवी.

त्या पावसाळ्यात मी सवयीनं रोज रात्री फोन करायचे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिचाच फोन आला, पाच वाजता, मी ऑफिसात असताना. अशा वेळी ती कधी करत नाही. मी घाबरून बाहेर गेले. तिनं आधी पाऊस विचारला, मग जेवणाचं विचारलं. मग म्हणाली,

"आज एकीच कप चाय डाली मैं."

मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. "गोड झाला होता का?" असं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, भुकटी जास्त झाली, एका कपाचा अंदाज नाही येत अजून.

हळूहळू अंदाज आला. फक्त महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला, पावसाळा आणि थंडी सोडून, ती पातेल्यात दोन कप पाणी ठेवते. उकळी आली की आधी काचेचा ग्लास गाळून काढते, मग बाकीच्यात आलं, साखर, दूध. ग्लास दुपारपर्यंत ओट्यावर गार होतो. संध्याकाळी त्यात पाणी मिसळून ती गॅलरीत जाते. कोरफडीची पिल्लं आता वीतभर झाली आहेत. जेडच्या तीनपैकी दोन फांद्यांनी मूळ धरलं. पानफुटीची पाच रोपं झाली होती, त्यातली दोन शेजारच्या काकूंना दिली, एक खालाला सांगलीला. ती द्यायला अम्मी स्वतः गेली, एसटीनं, कुंडी मांडीवर घेऊन.

काकूंना तिनं देताना बजावलं, की चहा घालू नका. काकू म्हणाल्या, अहो, पण तुम्ही तर घालता. अम्मी म्हणाली, "आमचा वेगळा आहे. कोरा."